मागच्या फळीचे शेरे

१२ फेब्रुवारी २००९, गुरुवार

आज पंचशीलाने कापडी पिशवी भरून इंग्रजी कादंबऱ्या आणल्या आणि माझ्या टेबलावर ओतल्या. म्हणाली, तुमच्या लायब्ररीत ठेवा, मला घरी ठेवता येत नाहीत. मी म्हटलं, का, घरी वाळवी आहे? तर म्हणे, आई आहे, भाऊ आहे आणि कपाट एकच आहे.

पंचशीला आमच्या मिरा रोडच्या पोस्टात काउंटरवर बसते. छत्तिशीची, बिनलग्नाची, मोजकं बोलणारी. भाईंदरला नवघर रोडला आई इंदूबाई आणि भाऊ रवी यांच्याबरोबर राहते. चार वर्षं मेंबर आहे, दर गुरुवारी पोस्ट सुटलं की येते. आजवर ऐतिहासिक आणि रहस्यकथा सोडून तिने काही नेलं नाही, म्हणून मी चकितच झाले. एका मुखपृष्ठावर दोन बायका, एकीचं डोकं दुसरीच्या खांद्यावर. दुसऱ्यावर दोन पुरुष, एकाने दुसऱ्याची कॉलर धरलेली, पण भांडण काही दिसत नव्हतं. सगळ्या प्रेमकथा, आणि नायक-नायिका अशी जोडी एकीतही नाही. त्या लोकांनाही प्रेमकथा वाचाव्याशा वाटत असतील, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

मी सांगितलं, ठेवीन, पण माझ्या पद्धतीने. मी न वाचलेलं पुस्तक फळीवर चढत नाही. वाचायचं आणि मागच्या पानावर चिठ्ठी चिकटवायची, चार ओळींचा शेरा. आमच्या पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या बायका पुस्तकाचं नावसुद्धा बघत नाहीत, आधी मागचं पान उघडतात. 'पहिली चाळीस पानं सोडा.' 'सासूसमोर वाचू नये.' 'रडू येईल, भाजी आधी टाकून घ्या.' पंचशीला म्हणाली, तेच तर हवंय.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

डिक्शनरी मांडीवर घेऊन पहिली संपवली. पोहायला शिकवणारी एक बाई आणि पाण्याला घाबरणारी दुसरी. एकेचाळिसाव्या पानावर मी पुस्तक मिटलं आणि बाबांकडे पाहिलं. बाबा शेजारच्या खुर्चीत शब्दकोडं सोडवत होते, त्यांना 'आडवे नऊ' सुटत नव्हतं. पुन्हा उघडलं. चावट म्हणावं तर तसंही नाही. कुणी कुणाचा हात इतका हळू धरल्याचं मी आजवर वाचलं नव्हतं.

शेरा: 'पाण्याची भीती खरी वाटते. मधला वकील कशाला आणला कळलं नाही. ही दुसरी बाई इतकी कशी आंधळी? समोरची शंभर पानं डोळ्यांत प्राण आणून बघतेय आणि हिला वाटतं ती क्लोरीन तपासतेय. तरी वाचा.'

सगळ्यांना ब्राऊन पेपरचं कव्हर घातलं आणि मागच्या फळीवर, आहारशास्त्राच्या पुस्तकांआड लावलं. तिथे कुणी फिरकत नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

पंचशीलाने शेरा वाचला आणि क्लोरीनशी आल्यावर इतकी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. चार वर्षांत तिचे दात मी पहिल्यांदा पाहिले. समोरचा एक जरा वाकडा आहे.

१९ मार्च, गुरुवार

नऊ झाल्या. आता माझी मतं पक्की व्हायला लागलीत. पुरुषांच्या गोष्टी जास्त भांडखोर असतात. बायकांच्या गोष्टींत स्वयंपाक फार होतो. कुत्रं आलं की समजावं, पुढच्या प्रकरणात दोघी एका पांघरुणात.

पंचशीला म्हणते हे शेरे कॉम्प्युटरवर टाकू, ब्लॉग करू, मराठीत असं काही नाहीच. तुम्ही चिठ्ठी लिहा, टाइप मी करीन. मी म्हटलं, माझं नाव नको. ती म्हणाली, दोघींचंही नको. नाव ठेवलंय 'मागच्या फळीवरून'. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. लोकांनी काही लिहिलं तर ती छापून आणणार आहे.

ही पुस्तकं येतात कुठून, तेही आज कळलं. अंधेरीला तिचं बायकांचं एक मंडळ आहे, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतात. मी विचारलं, हळदीकुंकू वगैरे करता का? ती म्हणाली, नाही हो, तसलं मंडळ नाही. वाचक मंडळ असावं.

१६ एप्रिल, गुरुवार

हल्ली गुरुवारी चारनंतर छातीत जळजळ होते. चहा कमी करायला हवा. आज निळी साडी नेसले होते तर बाबा म्हणाले, कुठे जायचंय का? कुठे जाणार, लायब्ररीच्या दुकानात. कपाटात पडून कुजण्यापेक्षा नेसलेली बरी.

पंचशीला आधी मला मॅडम म्हणायची, मग ताई. आता दोन्ही सोडलंय, नुसतं 'अहो' म्हणते. मी तिला म्हटलं, अगं नवऱ्याला हाक मारल्यासारखं काय अहो अहो? ती पुस्तकांवर फडकं मारत बसली.

९ मे, शनिवार

बुद्धपौर्णिमा. पंचशीला खिरीचा डबा घेऊन आली, वार गुरुवार नसताना. आमची आत्या असती तर डबा तसाच ओट्यावर राहिला असता. बाबांनी दोनदा वाटी भरून घेतली आणि वेलदोडा सढळ हाताने घातलाय म्हणाले. तिला कोण आनंद झाला. उद्यापासून ती पंधरा दिवस गावी, नांदेडकडे, चुलत भावाचं लग्न आहे.

२१ मे, गुरुवार

आज तीन मेंबरांशी भांडले. एकीने पान दुमडलं होतं, दुसरीने मासिकातली पाककृती कापली होती. तिसरीचं काय होतं ते आता आठवत नाही. बाबा म्हणाले, तुझं डोकं का फिरलंय? मी म्हटलं, उकाडा.

पंधरा दिवस किती असतात. टाइप करणारी नाही म्हणून शेरे साचलेत, बाकी काही नाही.

४ जून, गुरुवार

आली. पंधराचे पंचवीस दिवस करून. उन्हाने रापली आहे. ब्लॉगवरची पत्रं छापून आणली. सांगलीच्या एका बाईने लिहिलंय की तिने एक शेरा तीनदा वाचला, तिसऱ्यांदा नवरा आंघोळीला गेल्यावर. अकोल्याचा एक मुलगा विचारतो, मावशी, आपल्याकडच्या माणसांची अशी गोष्ट कधी लिहितील? मी मावशी कधी झाले? पण बरं वाटलं. अकरा वर्षं मी आहारशास्त्र आणि कौटुंबिक कादंबऱ्यांवर शेरे लिहितेय, कुणी मला परत काही लिहिलं नव्हतं.

कागदाच्या एका टोकाला दोन-तीन पत्रं कात्रीने कापून काढलेली दिसली. विचारलं तर म्हणाली, ती तुमच्यासाठी नव्हती.

२ जुलै, गुरुवार

दिल्लीच्या कोर्टाने निकाल दिला, दोन पुरुषांनी किंवा दोन बायकांनी आपल्या मर्जीने एकत्र असणं हा गुन्हा नाही. पंचशीला पोस्टातून धावतच आली, पेढे घेऊन. डोळे लाल. पेढा माझ्या हातावर ठेवला आणि हात तिथेच राहिला तिचा, मिनिटभर तरी. म्हणाली, "तुम्हाला काय वाटलं ऐकून?"

मी म्हटलं, फार छान झालं, आता पुस्तकांना ब्राऊन पेपर घालायला नको.

तिने हात काढून घेतला. मग बाबांना पेढा दिला. बाबा म्हणाले, कोर्टाला एवढं कळायला इतकी वर्षं लागली होय. चहा न घेताच गेली. मला वाटतं थकली होती.

२३ जुलै, गुरुवार

पंचशीलाला बढती आली आहे. नांदेडजवळच्या एका लहान पोस्टात, तिथली पोस्टमास्तर म्हणून. आई खूश आहे, माहेर तिथून जवळ. बढती नाकारता येते, पण मग वर्षभर पुन्हा विचारत नाहीत. पंधरा दिवसांत कळवायचं आहे.

मला विचारलं, काय करू? मी शहाण्या माणसाने सांगावं तेच सांगितलं. बढती कुणी सोडतं का, आयुष्यभर काउंटरवर शिक्के मारणार आहेस का, वगैरे. ती ऐकत होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती, जणू मी दुसरंच काही बोलेन.

३० जुलै, गुरुवार

आज एकच पुस्तक आणलं. म्हणाली, "हे ब्लॉगसाठी नाही. वाचा आणि खरं मत लिहा. मला त्यावरून एक गोष्ट ठरवायचीय." मंडळात यावर काही चर्चा असावी.

५ ऑगस्ट, बुधवार

दोन दिवसांत वाचून झालं आणि तेव्हापासून डोकं ठणकतंय. घोड्यांवर औषधपाणी करणारी एक डॉक्टरीण एका विधवेच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. आठ वर्षं. रोज संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात गप्पा मारतात. एका रविवारी डॉक्टरीण खाली येते, दार ठोठावते आणि मनातलं सांगून टाकते. घरमालकीण तिला आत घेते. संपलं.

मला इतका राग का आला कळत नाही. त्या घरमालकिणीला कुणी आधी विचारलं का? तिची बिचारीची घडी बसलेली आहे, वेळच्या वेळी चहा, वेळच्या वेळी गप्पा. आता उद्यापासून ती त्या डॉक्टरणीकडे बघणार कशी, हात कुठे ठेवणार? शेरा एका दमात लिहिला:

'शेवट अजिबात पटला नाही. चाळिशीला टेकलेली बाई असं दार उघडत नसते. आठ वर्षांची चांगली मैत्री लेखिकेने हौसेने नासवली. डॉक्टरणीने गप्प बसून दुसरीकडे घर बघितलं असतं तर दोघी सुखी राहिल्या असत्या. नाही वाचली तरी चालेल.'

६ ऑगस्ट, गुरुवार

पंचशीलाने उभ्या उभ्या शेरा वाचला. नेहमी स्टुलावर बसते. मग विचारलं, हे नक्की? मी म्हटलं, माझ्या शेऱ्यांत मी कधी खोटं लिहिलंय का? ती म्हणाली, नाही, तुम्ही कधी खोटं लिहीत नाही.

पुस्तक टेबलावर ठेवून गेली. दुसरं काही नेलं नाही.

१३ ऑगस्ट, गुरुवार

आली नाही. स्वाइन फ्लूमुळे शाळा बंद, सगळे तोंडाला रुमाल बांधून फिरतायत, गर्दीत जायला घाबरत असेल. सातपर्यंत वाट पाहिली. बाबा म्हणाले, पोस्टातली मुलगी नाही आली? त्यांना कधीपासून लक्ष?

१७ ऑगस्ट, सोमवार

पाकिटं संपली होती म्हणून पोस्टात गेले. पाकिटं काही संपली नव्हती, इथे तरी खरं लिहावं. जाळीच्या पलीकडे पंचशीला मास्क लावून बसलेली, नुसते डोळे दिसत होते. मागे दहा माणसांची रांग. म्हणाली, बढती घेतली, सत्तावीसला निघतेय, काशीमीऱ्याहून साडेपाचची बस आहे. मी म्हटलं, अभिनंदन. तिने पाकिटं सरकवली. मागचा माणूस म्हणाला, "मॅडम, हो गया क्या आपका?"

झालं होतं की. घरी येऊन भात लावला तो करपला.

२० ऑगस्ट, गुरुवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

शेरे साचले होते. पंचशीला येणार नाही हे कळत होतं. म्हटलं आपणच टाइप करायला शिकू, त्यात काय. दुपारी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत गेले. गल्ल्यावरच्या गुजराती बाईंनी ब्लॉगचं नाव विचारलं, "मैं खोल देती हूँ, आप बैठो," म्हणाल्या आणि पान उघडून दिलं. मी ते पान आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. पंचशीला छापील कागद आणायची, मी कधी बघायला मागितलंच नव्हतं.

अगदी वर, नावाच्या खाली, तिने लिहिलंय: 'शेरे लिहिणारी एक, टाइप करणारी एक. लिहिणारीला पुस्तकं आवडतात. टाइप करणारीला लिहिणारी आवडते. लिहिणारीला हे माहीत नाही.'

तारीख एकोणीस मार्चची. पाच महिने ते तिथे होतं. खाली लोकांची पत्रं, तिने माझ्यासाठी कापून काढलेलीही. सांगलीची बाई विचारते, सांगितलंत का तिला? अकोल्याचा मुलगा लिहितो, मावशी इतक्या हुशार आहेत, त्यांना कळत कसं नाही? निकालाच्या दिवशी तर सतरा जणांनी लिहिलंय, आज सांगाच. त्यावर पंचशीलाचं उत्तर: 'आज विचारलं. ब्राऊन पेपरबद्दल बोलल्या.' आणि सहा ऑगस्टला एकच ओळ: 'उत्तर मिळालं. नाही म्हणाल्या. कृपया आता विचारू नका.'

सांगलीपासून अकोल्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. मला मात्र वाटत होतं, ती क्लोरीन तपासतेय.

बाईंनी विचारलं, तबियत ठीक है? मी हो म्हटलं आणि तासाभराचे पैसे देऊन वीस मिनिटांत उठले. रिक्षात लक्षात आलं, मी तिच्यावर रागावलेच नाही. लाजही नाही वाटली. एवढंच वाटत होतं की माझ्याच चिठ्ठीने, माझ्याच अक्षरात, मी तिला जा म्हटलं आणि तिने ते खरं मानलं, कारण माझा शेरा कधी खोटा नसतो.

२४ ऑगस्ट, सोमवार

काल गणपती बसले. फोन चार वेळा हातात घेतला. एकदा रवीने उचलला, ताई पॅकिंग करतेय म्हणाला, निरोप काय देऊ? काय निरोप देणार. शेवटी मीच त्याला गणपतीच्या शुभेच्छा दिल्या, त्यांच्याकडे बसत नसताना. गाढव आहे मी.

आणि सांगायचं तरी काय? मी एकोणचाळीस वर्षांची, घरी चौऱ्याहत्तर वर्षांचे बाबा, हे दुकान. आतापर्यंत वाटायचं, मला कुणी नको आहे. लग्नाची स्थळं आली तेव्हा वाटलं, नकोत. मैत्रिणींची पोरं खेळवताना वाटलं, नकोत. मला नको असण्याची इतकी सवय होती की हवं असणं कसं असतं ते ओळखू आलं नाही. मी त्याला ॲसिडिटी समजून जेलुसिल घेत होते.

२७ ऑगस्ट, गुरुवार

बाबा चार वाजता आपणहून म्हणाले, मी बसतो दुकानात, तू जा. कुठे, ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

काशीमीऱ्याला हायवेच्या कडेला, एका गॅरेजसमोर, बसची माणसं उभी होती. ट्रकांचा धुरळा. पंचशीला दोन बॅगा आणि एका बादलीसकट, शेजारी इंदूबाई, रवी बस कंडक्टरशी सामानावरून हुज्जत घालतोय. इंदूबाईंनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, या बाई, आमच्या पोरीला समजवा, सारखी रडाय लागली, बढती मिळाली तरी. पंचशीला म्हणाली, धूळ गेलीय डोळ्यांत.

मनात तयार केलेलं सगळं त्या दोघांसमोर बोलायचं कसं? बस सुरू करून ठेवलेली. मग मी म्हटलं, "त्या डॉक्टरणीच्या पुस्तकाचं मी चुकीचं लिहिलं."

तिने हातातली बादली खाली ठेवली.

"शेवट बरोबर आहे," मी म्हटलं. "मला वाचता आला नाही. ती घरमालकीण दार उघडते. आठ वर्षं ती दाराशीच बसलेली असते, फक्त तिला वाटतं आपण चहा करतोय. माझा शेरा मी फाडून टाकलाय."

"आत्ता सांगताय?"

"मला आत्ताच कळलं. तुझं पान मी मागच्या गुरुवारी पाहिलं, पंचशीला. वरच्या तीन ओळींसकट."

तिने मास्क खाली ओढला. तोंडावर हात ठेवला. इंदूबाई रवीला म्हणाल्या, "काय बाई ह्या दोघींचं, बस निघाय लागली तरी पुस्तकंच चाललीत."

कंडक्टर ओरडायला लागला. पंचशीला म्हणाली, मी होकाराचं पत्र देऊन बसलेय, जावं तर लागेल मला. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, वर्षभर तरी बदली होत नाही. मी म्हटलं, माहीत आहे. मग ती चढली. खिडकी तिच्या बाजूची नव्हती, पलीकडची होती, त्यामुळे बस निघाल्यावर ती दिसलीच नाही. रवीने मला रिक्षा करून दिली.

३१ ऑगस्ट, सोमवार

'पोचले' एवढा एक मेसेज, तोही चार दिवसांनी. मी 'बरं' लिहिलं. त्याच्यापुढे काय लिहायचं असतं? मागच्या फळीवर सत्तावीस कादंबऱ्या आहेत, प्रत्येकीत तीनशे पानं हेच लिहिलेलं आहे, आणि मला एक ओळ सुचत नाही. मी दुसऱ्यांच्या लिहिण्यावर शेरे मारू शकते, बस.

तिचं नांदेडचं घर कसं असेल? पाणी किती वाजता येत असेल? ती तिथे कुणाला अहो म्हणत असेल का?

३ सप्टेंबर, गुरुवार

चार वाजता जळजळ सुरू झाली. आता ती कसली ते मला माहीत आहे, म्हणून गोळी घेतली नाही.

पावणेसहाला पोस्ट सुटतं. पाच पन्नासला फोन वाजला. पंचशीला. तिकडे मागे कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. म्हणाली, आज गुरुवार ना, पाय उगाच लायब्ररीकडे वळायला लागले, मग आठवलं इथे लायब्ररीच नाही. मग म्हणाली, तिकडे बसजवळ तुम्ही पुस्तकाबद्दल बोललात. मी आठवडाभर विचार करतेय की ते पुस्तकाबद्दलच होतं का.

मी म्हटलं, "नाही. मला तू हवी आहेस."

फोन कटला की काय म्हणून मी कानावरून काढून पाहिला.

"परत म्हण," ती म्हणाली.

टेबलासमोर दोन मेंबर पुस्तकं बदलायला उभ्या होत्या आणि बाबा त्यांच्या खुर्चीत होते. मी परत म्हटलं.